पैसे बलकाचे: पुण्यात घरपोच मिळणाऱ्या बदकाच्या अंड्यांचे परीक्षण

पुणे हे कोंबडीच्या अंड्याचे गाव आहे. १९८२ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय अंडी समन्वय समितीचे मुख्य कार्यालय याच शहरात आहे आणि ‘संडे हो या मंडे’ ही तिची जाहिरात ठाऊक नसलेला माणूस येथे शोधून सापडणार नाही. अशा गावात बदकाचे अंडे मागितले, तर कोपऱ्यावरचा अंडीवाला गावठी अंड्यांचा ट्रे पुढे सरकवतो आणि त्यावर भागवून घ्या असे सुचवतो. वाकड, हिंजवडी, खराडी या भागांत स्थायिक झालेल्या बंगाली, असमिया आणि मल्याळी कुटुंबांना या अंड्याचे नवल नाही. मराठी स्वयंपाकघरात मात्र ते क्वचितच येते. शहराच्या पश्चिमेला असलेले एक लहान शेत आता कोथरूड, बावधन आणि बाणेर या भागांत दर आठवड्याला सहा अंड्यांचा बॉक्स घरपोच देते. शेत नवे आहे आणि पुढे काही तक्रारीही मांडायच्या आहेत, त्यामुळे त्याचे नाव येथे लिहिलेले नाही. परीक्षण मुख्यतः अंड्यांचे आहे: ती स्वयंपाकात आणि बेकिंगमध्ये कोठे कामाला येतात, कोठे येत नाहीत आणि मागितलेली किंमत वसूल होते का.

किमतीपासूनच सुरुवात करणे बरे, कारण बहुतेकांची पहिली हरकत तीच असते. बॉक्स १२० रुपयांना मिळतो, म्हणजे एक अंडे २० रुपयांना पडते. दुकानातले कोंबडीचे अंडे सध्या साधारण ७ रुपयांना येते. नगावर पाहिले तर भाव जवळजवळ तिप्पट दिसतो. परंतु वजनकाट्यावर ठेवल्यावर यांतील अंडी बहुधा ६६ ते ७४ ग्रॅम भरतात, एखादेच ६१ ग्रॅमचे निघते, आणि दुकानातले अंडे ५० ते ५५ ग्रॅमच्या पलीकडे सहसा जात नाही. म्हणजे ग्रॅमच्या हिशोबाने भाव दुपटीवर येतो. बदकाच्या अंड्यात पिवळ्या बलकाचा वाटाही अधिक असतो, त्यामुळे केवळ त्या बलकाचे वजन धरले तर तफावत आणखी थोडी घटते. मिटत मात्र नाही. ज्याला पोट भरण्यासाठी अंडी हवी आहेत त्याने हा बॉक्स घेऊ नये. ज्या पदार्थात बलकालाच सारे काम करायचे असते, त्या पदार्थांसाठी तो घ्यावा. पुढचे सगळे विवेचन या एका भेदावर उभे आहे.

आधी तक्रारी. ही अंडी कोंबडीच्या अंड्यांसाठी बनवलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात येतात. खळगे लहान असल्यामुळे मोठे अंडे आत नीट बसत नाही, वर उचललेले राहते आणि झाकण लावले की टोकावर दाब पडतो. बदकाच्या अंड्याचे कवच जाड असते म्हणून बरेचदा निभावते, पण कोपऱ्यातल्या अंड्याच्या टोकाला केसासारखी चीर पडलेली आढळली आहे आणि ते अंडे टाकून देण्याखेरीज उपाय नव्हता. दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. खोक्यावर शेताचे चित्र आहे, ‘नैसर्गिक’ हा शब्द दोनदा आहे, पण अंडी कोणत्या दिवशी गोळा केली ती तारीख कोठेही नाही. एका बॉक्समधली पाच अंडी पाण्याच्या भांड्यात तळाशी आडवी पडून राहिली आणि सहावे टोकावर उभे राहिले. अंडे जुने होत जाते तशी कवचाच्या सूक्ष्म छिद्रांतून वाफ बाहेर जाऊन बोथट टोकाकडची हवेची पोकळी वाढते, म्हणून ते उभे राहते आणि पुढे तरंगू लागते. उभे राहिलेले अंडे खराबच असते असे नाही, परंतु एकाच खोक्यात ताजी आणि जुनी अंडी मिसळलेली आहेत एवढे त्यावरून कळते. कवच कधी स्वच्छ असते, तर कधी त्यावर चिखलाचा सुकलेला पापुद्रा असतो. अशी अंडी धुवायची झाल्यास वापरण्याच्या थोडेच आधी, अंड्याहून किंचित गरम पाण्याने धुवावीत. गार पाण्यात अंड्याच्या आतला भाग आकसतो आणि बाहेरचे पाणी, त्याबरोबर कवचावरची घाणही, छिद्रांतून आत ओढली जाते.

अंडी आणून देणाऱ्या मुलाला वेळेबद्दल विचारले तेव्हा त्याने सांगितले, “ताई, बदक्या उजाडायच्या सुमारालाच अंडी घालून मोकळ्या होतात, नऊनंतर काही मिळत नाही.” हे खरे आहे आणि म्हणूनच तारखेचा आग्रह रास्त ठरतो, कारण सगळी अंडी एकाच वेळी हाती येत असतील तर त्यांवर तारखेचा शिक्का मारणे अवघड नाही. बदके खाकी कॅम्पबेल जातीची आहेत असेही तो म्हणाला. ॲडेल कॅम्पबेल या बाईंनी विसाव्या शतकाच्या तोंडावर इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरशरमध्ये तयार केलेली ही जात भरपूर अंडी देण्याबद्दल प्रसिद्ध आहे आणि तिच्या पूर्वजांत इंडियन रनर नावाचे बदक आहे, ज्याचे मूळ, नाव काहीही असले तरी, इंडोनेशियाच्या बेटांवरचे मानले जाते.

अंडे फोडताना फरक हाताला जाणवतो. कवचावर नेहमीच्या जोराने सुरी मारली तर नुसता ओरखडा उठतो; आणि कवच तडकले तरी आतला पापुद्रा चिवट असल्यामुळे अंगठ्याने तो फाडावा लागतो. पांढरा बलक जवळजवळ पारदर्शक, घट्ट आणि चिकट असतो; ताटलीत तो पसरत नाही. पिवळा बलक मोठा आणि उंच राहतो. त्याच्या नारिंगी रंगाचे कौतुक विक्रेते फार करतात, परंतु हा रंग पक्ष्याने खाल्लेल्या हिरव्या पाल्यातून आणि मक्यासारख्या धान्यातून येतो. कोंबडीला तसेच खायला दिले तर तिच्या अंड्यालाही तो येईल. या बॉक्समधल्या बलकांचा रंगही सारखा नसतो, आणि त्यावरून बदके खरोखरच मोकळी चरत असावीत असा अंदाज बांधता येतो. रंगाहून महत्त्वाची आहे ती स्निग्धता. १०० ग्रॅम बदकाच्या अंड्यात सुमारे १४ ग्रॅम स्निग्धांश असतो, तर कोंबडीच्या अंड्यात तो १० ग्रॅमच्या आसपास असतो. प्रथिनांचे प्रमाण दोन्हींत जवळपास सारखेच आहे.

या स्निग्धतेचा सर्वांत मोठा लाभ कस्टर्डला होतो. पुण्याच्या कॅम्पात पारशी आणि इराणी हातचे कॅरॅमल कस्टर्ड आणि लगन नु कस्टर्ड खाल्लेल्यांना त्या पदार्थाची कसोटी सांगायला नको: चमचा आत गेला की कड सरळ राहिली पाहिजे, पण जिभेवर ठेवताच विरघळले पाहिजे. कोंबडीच्या अंड्याने कड सरळ ठेवायची तर अंडी वाढवावी लागतात आणि अंडी वाढवली की पांढऱ्या बलकाचा रबरीपणा येऊ लागतो, म्हणून त्यावर उपाय म्हणून साय किंवा जादा पिवळे बलक घातले जातात. बदकाच्या अंड्यात ही भर मुळातच असते. अर्धा लिटर गाईचे दूध, दोन पूर्ण बदकाची अंडी, आणखी एका अंड्याचा पिवळा बलक आणि ७५ ग्रॅम साखर हे प्रमाण मला सर्वांत समाधानकारक वाटले. तीन पूर्ण अंडी घातली तर कस्टर्ड सुरीने वड्या पाडता येतील इतके घट्ट होते, कारण या अंड्याचा पांढरा बलक शिजल्यावर कोंबडीच्या बलकापेक्षा अधिक कडक जमतो.

दोन गोष्टींकडे मात्र लक्ष द्यावे लागते. हा घट्ट पांढरा बलक काट्याने चार वेळा ढवळून दुधात मिसळत नाही. त्याच्या तारा तशाच राहतात आणि भाजल्यावर पांढऱ्या दोऱ्यांसारख्या दिसतात. त्यामुळे अंडी आणि साखर फेस न आणता सावकाश एकजीव करावीत, हाताला सोसेल इतके कोमट दूध धारेने घालावे आणि मिश्रण बारीक गाळणीतून गाळावे. गाळणीवर जो चिकट गोळा उरतो तो पाहिल्यावर गाळण्याचे महत्त्व वेगळे पटवून द्यावे लागत नाही. दुसरी गोष्ट उष्णतेची. भांडे गरम पाण्याच्या ट्रेमध्ये ठेवून ओव्हन १५० अंशांवर ठेवावा आणि कडा जमून मध्यभाग अजून हलतो आहे अशा वेळी बाहेर काढावे. उरलेले काम आतली उष्णता करते. ओव्हन १८० अंशांवर ठेवला तर प्रथिने आक्रसून पाणी सोडतात आणि कापल्यावर आत जाळी दिसते. नीट जमलेल्या कस्टर्डचा काप मऊ, दाट आणि फिकट केशरी असतो; जायफळाची चिमूट आणि वेलची घातल्यावर अंड्याचा वास अजिबात जाणवत नाही. या एका पदार्थासाठी २० रुपयांचे अंडे महाग वाटत नाही.

केकच्या बाबतीत निकाल चांगला आहे, पण तो केकच्या प्रकारावर अवलंबून आहे. लोण्यात साखर फेटून करायच्या केकला, मग तो साधा पाउंड केक असो की कॅम्पातल्या बेकऱ्यांच्या धर्तीचा मावा केक, ही अंडी मानवतात. बलकातले लेसिथिन लोणी आणि अंड्यातले पाणी एकत्र धरून ठेवते, त्यामुळे कोंबडीच्या अंड्यांनी जे मिश्रण शेवटच्या अंड्याला फाटू लागते ते येथे गुळगुळीत राहते. ‘चार अंडी घ्या’ असे लिहिलेल्या पाककृतीत तीन बदकाची अंडी घातली की हिशोब जवळपास जुळतो; पण अंड्यांच्या आकारात इतका फरक असताना नगाने मोजण्यात अर्थ नाही. जुनी पद्धत अधिक भरवशाची आहे: अंडी फोडून वजन करावे आणि तेवढेच लोणी, तेवढीच साखर, तेवढाच मैदा घ्यावा. दोन अंड्यांचे कवचाविना १२५ ग्रॅम भरले, तर बाकीचे जिन्नसही १२५ ग्रॅम. लोणी दहा-एक ग्रॅमने कमी केले तरी चालते आणि माझ्या मते कमी करावेच, अन्यथा केकचा तळ तुपकट लागतो. केक चांगला फुगतो, त्याचा काप भुगा न होता निघतो आणि डब्यात ठेवल्यास तो तीन-चार दिवस कोरडा पडत नाही. एवढे असूनही खाणाऱ्यांपैकी निम्म्यांना तरी हा केक वेगळ्या अंड्यांचा आहे हे सांगितल्याशिवाय कळले नाही, हेही नोंदवले पाहिजे. चॉकलेट केकमध्ये तर हा फरक कोकोखाली पूर्ण दडपला जातो, तेथे ही अंडी घालणे म्हणजे पैसे वाया घालवणे आहे.

जेथे सगळी भिस्त पांढऱ्या बलकाच्या फेसावर असते, तेथे मात्र हे अंडे निराश करते. मेरांग (साखर घालून फेटलेल्या पांढऱ्या बलकाचा भाजलेला गोड पदार्थ), शिफॉन केक किंवा बिनलोण्याचा हलका स्पंज यांसाठी पांढरा बलक फेटायला घेतला, तर तो बराच वेळ नुसता बुडबुड्यांवरच राहतो. तो फ्रिजबाहेर काढून खोलीच्या तापमानाला आणला आणि चमचाभर लिंबाचा रस किंवा चिमूटभर क्रीम ऑफ टार्टर (बेकिंगमधली आंबट पूड) घातले की फेस उभा राहतो, कारण आंबटपणामुळे प्रथिनांची जाळी अधिक स्थिर होते. तरीही तेवढ्याच कष्टांत कोंबडीच्या अंड्याचा पांढरा बलक अधिक हलका फेस देतो. वेगळ्या केलेल्या पांढऱ्या बलकात पिवळ्याचा थेंबही राहू नये हा नियम येथे अधिकच कडक पाळावा लागतो, आणि चिवट पापुद्र्यामुळे अंडे फोडताना पिवळा बलक फुटण्याची शक्यताही अधिक असते. मेरांगसाठी हा बॉक्स घेऊ नये, एवढे निःसंदिग्धपणे सांगता येईल.

आता कालवणाकडे. बदकाचे अंडे उकडल्यावर त्याचा पांढरा भाग किंचित निळसर झाक असलेला आणि कोंबडीच्या अंड्याहून घट्ट होतो. खळखळत्या पाण्यात खूप वेळ ठेवले तर तो चिवट लागतो, म्हणून मंद आचेवर बारा मिनिटांच्या आसपास उकडून लगेच गार पाण्यात टाकावे. नुसते मीठ-मिरपूड लावून खाताना हा घट्टपणा मला रुचला नाही. परंतु रस्श्यात तोच गुण ठरतो. बंगाली घरांत उकडलेली अंडी हळद-तिखट लावून मोहरीच्या तेलात खरपूस परततात आणि मग रस्श्यात सोडतात, ती पद्धत आपल्या कांदा-खोबऱ्याच्या वाटणालाही उत्तम लागू पडते. अंड्याला चार चिरा देऊन तेलात परतले की वरची त्वचा फोडांनी भरते, मसाला त्या खाचांत शिरतो आणि अंडे रस्श्यात पंधरा मिनिटे उकळले तरी फुटत नाही. पिवळा बलक कोरडा पिठूळ न होता लोण्यासारखा राहतो. केरळात कुट्टनाडच्या भातखाचरांत कापणीनंतर बदकांचे थवे सांडलेले धान्य आणि गोगलगायी टिपत फिरवले जातात, आणि तेथे या अंड्यांचे खोबरेल तेलात कांद्याबरोबर केलेले रोस्ट आप्पमबरोबर खातात; तोही प्रकार या बॉक्समधल्या अंड्यांनी छान झाला. भाकरीबरोबर खायच्या झणझणीत कालवणासाठी मी यापुढे हीच अंडी घेईन.

बुर्जी आणि ऑम्लेटबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. बुर्जी दाट होते आणि तिला तेल कमी लागते. ऑम्लेट जड होते आणि मऊ फुगत नाही. ज्यांना अंड्याचा वास मुळातच सोसत नाही, त्यांना या दोन्हींत हिवस वास जाणवेल, विशेषतः बदकांना मासळीचा भुगा घातला असेल तर. या शेताच्या अंड्यांत तो सौम्य आहे, पण आठवड्यागणिक बदलतो. आले, कोथिंबीर आणि हिरवी मिरची सढळ हाताने घातली की तो दबतो.

हाफ फ्राय, कच्च्या बलकाचे मेयोनेज किंवा न भाजलेले मूस यांसाठी ही अंडी वापरू नयेत. बदके चिखलापाण्यात वावरतात, अंडीही कधी ओल्या जागी घालतात, आणि ओल्या कवचातून जंतू आत शिरणे सोपे असते. २०१० मध्ये ब्रिटनमध्ये पसरलेल्या साल्मोनेला या अन्नातून विषबाधा करणाऱ्या जंतूच्या एका साथीचा माग बदकाच्या अंड्यांपर्यंत लागला होता. पिवळा आणि पांढरा दोन्ही बलक घट्ट होईपर्यंत शिजवणे हाच त्यावरचा सोपा बंदोबस्त आहे. कस्टर्ड, केक आणि कालवण या तिन्हींत तो आपोआप होतो. केकचे कच्चे मिश्रण चाटण्याची मुलांची सवय मात्र त्या दिवसापुरती बंद करावी.

‘पौष्टिक’ म्हणून ही अंडी घेणाऱ्यांनी आकडे दोन्ही बाजूंनी पाहावेत. ७० ग्रॅमच्या एका बदकाच्या अंड्यात बी-१२ जीवनसत्त्व प्रौढ माणसाच्या दिवसाच्या गरजेहून अधिक असते, आणि बी-१२ची कमतरता आपल्याकडे घरोघरी आढळत असताना ही जमेची बाजू मोठी आहे. त्याच अंड्यात कोलेस्टेरॉल ६०० मिलिग्रॅमच्या वर असते, म्हणजे कोंबडीच्या अंड्याच्या तिपटीहून अधिक. ज्यांना डॉक्टरांनी अंड्यांवर मर्यादा घातली आहे त्यांनी कस्टर्डचा लहान काप घेऊन थांबावे. कोंबडीच्या अंड्याची ॲलर्जी असलेल्यांना बदकाचे अंडे चालते असे एक विक्रेता मोठ्या आत्मविश्वासाने सांगताना ऐकले आहे. दोन्ही अंड्यांतली प्रथिने एकमेकांशी मिळतीजुळती असल्यामुळे हा सल्ला धोकादायक आहे आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय तसा प्रयोग कोणी करू नये.

सेवेबद्दल सांगायचे तर मागणी फोनवर संदेश पाठवून नोंदवावी लागते, अंडी सांगितलेल्या दिवशी येतात आणि चिरलेल्या अंड्याचे पैसे पुढच्या बॉक्समध्ये वळते करून दिले जातात. त्यासाठी फोटो पाठवावा लागतो, वाद घालावा लागत नाही. पिसे झडण्याच्या काळात बदक्या अंडी घालणे कमी करतात, तेव्हा बॉक्स एखाद्या आठवड्याला मिळत नाही. ते आधी कळवले जाते. गोळा केल्याची तारीख आणि मोठ्या खळग्यांचे खोके एवढ्या दोन सुधारणा झाल्या तर १२० रुपये देताना हात आखडणार नाही. तोपर्यंत बॉक्स घरी आला की आधी प्रत्येक अंडे उजेडात फिरवून चीर पाहावी आणि पाण्यात सोडून पाहावे. तळाशी आडवी पडणारी कस्टर्डसाठी राखावीत, उभी राहणारी वेगळ्या वाटीत फोडून, वास घेऊन त्याच दिवशी केकमध्ये वापरून टाकावीत आणि तरंगणाऱ्याचा फोटो काढून शेताला पाठवून द्यावा.